मिसळणाच्या डब्यात टीसीपी: लिनक्स ६.८ मधली एक फेरमांडणी

सी भाषेत स्ट्रक्चरमधली (एकत्र बांधलेल्या नोंदींच्या गठ्ठ्यातली) फील्ड, म्हणजे एकेक नोंद, ज्या क्रमाने लिहाल त्याच क्रमाने ती मेमरीत बसतात. कंपायलर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) मधे रिकामी जागा सोडेल, पण खालचं फील्ड उचलून वर नेणार नाही. भाषेच्या स्टँडर्डमध्येच तशी मनाई आहे. रस्टचा कंपायलर आपल्या सोयीने फील्ड हलवतो, सीचा हलवत नाही. म्हणजे क्रम ठरवायचा तो लिहिणाऱ्याने. आणि लिहिणारे तीस वर्षांत शेकडो झाले असतील, तर तो क्रम शेवटी कुणीच ठरवलेला नसतो. ज्याला जिथे जागा दिसली तिथे त्याने आपलं फील्ड टेकवलेलं असतं.

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नेटवर्किंग कोडची अवस्था नेमकी अशी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलच्या कोको ली यांनी एका पॅच-मालिकेची (कोडमधल्या बदलांच्या संचाची) आठवी आवृत्ती पाठवली. प्रस्तावनेत त्यांनी फार शांतपणे लिहिलं होतं, की नेटवर्किंगच्या स्ट्रक्चरमधली व्हेरिएबल काही कालक्रमाने, काही विषयवार, तर काही अधूनमधून कॅश-लाइन (प्रोसेसर एका वेळी उचलतो तो मेमरीचा तुकडा) बघून लावलेली आहेत. कर्नलच्या जगात वावरलेल्या माणसाला यातला 'कालक्रमाने' हा शब्द लगेच कळतो. ज्याचं फीचर शेवटी आलं, त्याचं फील्ड शेवटी.

ही मालिका मार्च २०२४ च्या लिनक्स ६.८ मध्ये आली. एकही नवा अल्गोरिदम नाही, कंजेशन कंट्रोलला (गर्दी झाली की वेग आवरण्याच्या पद्धतीला) हात नाही, प्रोटोकॉल जसाच्या तसा. फक्त फील्डांच्या जागा बदलल्या. तरीही नेटवर्किंगच्या पुल रिक्वेस्टमध्ये (हे बदल मुख्य कर्नलमध्ये घ्या, अशा विनंतीत) ओळ होती: भरपूर समांतर कनेक्शन असताना टीसीपीची (इंटरनेटवर डेटा क्रमाने आणि न हरवता पोचवणाऱ्या प्रोटोकॉलची) कामगिरी ४० टक्क्यांपर्यंत सुधारते. तंत्रज्ञानाच्या बातम्यांनी त्यातला '४०' उचलला आणि 'भरपूर समांतर कनेक्शन असताना' हे शब्द बहुतेकांनी बारीक टायपात टाकले. त्या आकड्याकडे नंतर येऊ. आधी अडचण काय होती ते बघू.

अडचण

प्रत्येक टीसीपी कनेक्शनमागे कर्नल एक स्ट्रक्चर बाळगतो, टीसीपी_सॉक. पुढचा सिक्वेन्स नंबर कोणता, समोरच्याची विंडो किती, किती पॅकेट हवेत आहेत, राउंड-ट्रिपला किती वेळ लागतो, सगळं त्यात. ६४-बिटी मशीनवर त्याचा आकार २,००० बाइटांच्या वर जातो. प्रोसेसर मात्र मेमरीतून बाइट-बाइट उचलत नाही. ६४ बाइटांचा एक तुकडा, म्हणजे एक कॅश-लाइन, उचलतो. तेव्हा एका कनेक्शनचं हे बाड तीसहून जास्त कॅश-लाइनवर पसरलेलं.

कनेक्शन सुरळीत चालू असेल, पॅकेट क्रमाने येत असतील, काही हरवत नसेल, तर यातली मोजकीच फील्ड लागतात. या सुरळीत वाटेला फास्ट पाथ म्हणतात, आणि गर्दीच्या सर्व्हरवर बहुतांश वेळ याच वाटेवर जातो. प्रश्न इतकाच, की ती मोजकी फील्ड कुठे कुठे विखुरली आहेत.

स्वयंपाकघरातली गोष्ट घ्या. फोडणीला मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट लागतं, म्हणून ते मिसळणाच्या डब्यात एकत्र असतं. डबा एकदा काढला की काम झालं. आता समजा मोहरी मिसळणाच्या डब्यात आहे, पण हिंग पापडांच्या डब्यात, हळद साबुदाण्याच्या पिंपात आणि तिखट माळ्यावर. पदार्थ तोच होईल, चवही तीच. पण प्रत्येक फोडणीला चार डबे काढावे लागतील, आणि ओटा लहान असेल तर पाचवा डबा काढताना पहिला आत ठेवावा लागेल. प्रोसेसरची एल१ कॅश, म्हणजे त्याच्या अगदी हाताशी असलेली छोटी मेमरी, हा ओटा. ओट्यावरचं उचलायला साधारण एक नॅनोसेकंद लागतो. माळ्यावरून, म्हणजे मुख्य मेमरीतून, आणायला ८० ते १०० नॅनोसेकंद.

हा झाला प्रश्नाचा सोपा अर्धा भाग. अवघड अर्धा असा, की स्वयंपाकघरात आचारी, म्हणजे प्रोसेसरचे कोअर, एक नाही, चौसष्ट आहेत. एखाद्या कोअरने कॅश-लाइनमधल्या एका बाइटवर लिहिलं, की बाकी सगळ्या कोअरकडची त्या लाइनची प्रत रद्द होते. त्यांना त्या बाइटशी घेणंदेणं नसलं, ते फक्त शेजारचं कधीही न बदलणारं फील्ड वाचत असले, तरी त्यांना ती लाइन नव्याने मागवावी लागते. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. हळद कुणी हलवलेलीच नाही. पण मिठाच्या वाटीत एकाने चमचा घातला म्हणून सगळ्यांच्या हातातला डबा काढून घेतला जातो.

टीसीपी_सॉक निदान प्रत्येक कनेक्शनचं वेगळं असतं. पण नेट_डिव्हाइस (नेटवर्क कार्डाचं स्ट्रक्चर) आणि नेटएनएस_आयपीव्ही४ (आयपीव्ही४ च्या सेटिंगा ठेवणारं स्ट्रक्चर) हे सगळ्या कोअरचं सामाईक. तिथे एक फील्ड चुकीच्या शेजारी बसलं की सगळ्यांनाच त्रास.

पाहोल नावाचं एक साधन आहे. कंपाइल झालेल्या कर्नलमधली स्ट्रक्चर उघडून, कोणतं फील्ड कितव्या बाइटला आहे, कोणत्या कॅश-लाइनवर आहे, मधे भोकं कुठे आहेत, सगळं ते दाखवतं. नाव त्या भोकांवरूनच आलंय. त्यातून निघालेले आकडे पॅचसोबत दिले होते. फास्ट पाथवरची फील्ड नेटएनएस_आयपीव्ही४ मध्ये ४ कॅश-लाइनवर पसरली होती, नेट_डिव्हाइसमध्ये १२ वर आणि टीसीपी_सॉकमध्ये १२ वर. मांडणी बदलल्यावर हेच आकडे अनुक्रमे २, ४ आणि ८ झाले. २८ च्या जागी १४.

काम कसं केलं

या मालिकेत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिचा पहिला पॅच. त्यात कोडची एकही ओळ नाही. नुसते तक्ते आहेत. प्रत्येक मोठ्या स्ट्रक्चरसाठी एक दस्तऐवज, त्यात प्रत्येक फील्डची एक ओळ: प्रकार, नाव, पाठवण्याच्या वाटेवर ते वाचलं जातं की लिहिलं जातं, घेण्याच्या वाटेवर काय होतं, आणि कोणकोणती फंक्शन त्याला हात लावतात. हे हमालीचं काम आहे. शेकडो फील्ड, आणि प्रत्येकासाठी कोड उघडून ते फास्ट पाथवर येतं की फक्त पॅकेट हरवल्यावर, हे ठरवायचं. ज्यांनी जुन्या घराचं इलेक्ट्रिक वायरिंग काढून पाहिलंय त्यांना कल्पना येईल.

एक ओळ जवळून बघू. आरसीव्ही_एनएक्सटी, म्हणजे समोरून यायचा पुढचा बाइट कितवा. डेटा आला की घेणारी बाजू हा आकडा पुढे सरकवते. पण पाठवणारी बाजूही तो वाचते, कारण बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सेगमेंटवर 'इथपर्यंत मिळालं' अशी पोच छापावी लागते. म्हणजे एका वाटेवर वाचन, दुसऱ्या वाटेवर लेखन. अशा फील्डची जागा फक्त-वाचायच्या फील्डांच्या शेजारी नाही. याउलट मॅक्स_विंडो हे समोरच्याने आजवर दाखवलेल्या सर्वांत मोठ्या विंडोचं फील्ड पाठवताना वाचलं जातं आणि क्वचितच बदलतं.

या नोंदींवरून टीसीपी_सॉकचे सहा गट पडले. आधी तीन वाचायचे: पाठवताना लागणारे, दोन्हीकडे लागणारे, घेताना लागणारे. मग तसेच तीन लिहायचे. फास्ट पाथवर न लागणारं सगळं त्यांच्या खाली. गटांचा क्रमही विचार करून ठेवलेला दिसतो: दोन्हीकडे लागणारा गट मधोमध, म्हणजे पाठवणारा त्याच्यापर्यंत वरून येतो आणि घेणारा त्याच्यापासून खाली जातो.

पहिल्या गटाचा हिशेब हाताने मांडता येतो. मॅक्स_विंडो, आरसीव्ही_एसएसथ्रेश, रीऑर्डरिंग, नॉटसेंट_लोवॅट, अशी चार फील्ड प्रत्येकी ४ बाइटांची: १६. मग जीएसओ_सेग्ज २ बाइट: १८. पुढे दोन पॉइंटर (मेमरीतले पत्ते साठवणारी फील्ड), आणि ८ बाइटांच्या पॉइंटरला आठाच्या पटीतच बसावं लागतं, म्हणून ६ बाइटांचं भोक: २४. दोन पॉइंटरचे १६ धरून एकूण ४०. एका कॅश-लाइनमध्ये आरामात मावेल असा गट.

आणि हे ४० कोडमध्ये लिहून ठेवलंय. दुसऱ्या पॅचने कुंपणं आणली. गट सुरू होतो तिथे एक खूण, संपतो तिथे एक. मग एक तपासणी: अमुक फील्ड अमुक गटातच आहे का, आणि गट ठरलेल्या आकाराहून मोठा तर झाला नाही ना. ही तपासणी कर्नल चालताना होत नाही, कंपाइल होतानाच होते. कुणी उद्या आपलं नवं फील्ड 'इथे जागा दिसतेय' म्हणून गटात घुसडलं आणि गट फुगला, तर बिल्डच मोडतं.

माझ्या मते या प्रकरणाचा खरा ऐवज ४० टक्के नाही, हे कुंपण आहे. स्ट्रक्चर नीट लावायचे प्रयत्न आधीही झाले होते. टीसीपी_सॉकमध्ये काही फील्ड कॅश-लाइन बघून ठेवल्याच्या खुणा होत्याच. त्या टिकल्या नाहीत, कारण त्या कॉमेंटमध्ये होत्या, आणि कॉमेंट मोडली म्हणून कुठला कंपायलर ओरडत नाही. मिसळणाचा डबा कितीही निगुतीने भरा, घरात दहा जण वावरत असतील तर महिन्याभरात त्यात लवंगेच्या जागी चॉकलेटचा कागद सापडतो.

कुंपणाला मर्यादा आहेतच. ते आकार मोजतं, हेतू नाही. फास्ट पाथवर न लागणारं फील्ड कुणी गटात ठेवलं आणि सोबत ४० चे ४४ केले, तर कंपायलर गप्प बसेल. तिथे परीक्षकाचीच नजर लागते. शिवाय एकच आकडा सगळ्या मशीनना चालत नाही. टीसीपी_सॉकच्या एका गटाची मर्यादा कोडमध्ये '९२ + ४' अशी लिहिलेली दिसते. वर खुलासा आहे: काही ३२-बिटी आर्किटेक्चर ६४-बिटी फील्डला आठाच्या पटीत बसवतात, तेव्हा घड्याळाची वेळ साठवणाऱ्या एका फील्डच्या आधी भरणा लागू शकतो. सरळ ९६ न लिहिता '९२ + ४' लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

चाळीस टक्के म्हणजे कशाचे

चाचणीसाठी नेपर हे गूगलचंच साधन वापरलं होतं, विनंती-उत्तर पद्धतीने: एक छोटा निरोप पाठवायचा, छोटं उत्तर घ्यायचं, पुन्हा पाठवायचा. जितके सीपीयू तितके थ्रेड, आणि कनेक्शन १,००० पासून ३०,००० पर्यंत. मोजलं काय, तर एका फेरीला सीपीयूचा किती वेळ खर्च झाला. डाउनलोडचा वेग नव्हे, सीपीयूचा खर्च. हा फरक बातम्यांत हरवला.

१०० गिगाबिटचं कार्ड आणि २५६ एमबी एल३ कॅश (एल१ पेक्षा मोठी, पण जरा दूरची) असलेल्या एएमडी मशीनवर, आयपीव्ही४ वर, १०,००० कनेक्शनना हा खर्च ०.०००२९५ वरून ०.०००१६४ वर आला. घट ४४.४७ टक्के. उलट गणित केलं तर तेवढ्याच सीपीयूत सुमारे १.८ पट फेऱ्या. ३०,००० कनेक्शनना घट ३६.६५ टक्के, १,००० ना ३५.४३. आयपीव्ही६ वर १०,००० ना ४४.२०, पण १,००० ना २०.४८ च.

आता इंटेल. २०० गिगाबिटचं कार्ड, १०५ एमबी एल३, आयपीव्ही६. ३०,००० कनेक्शनना घट १.१६ टक्के. २०,००० ते ५,००० च्या पट्ट्यात पाचेक टक्के. आणि १,००० कनेक्शनना खर्च चक्क ३.३१ टक्क्यांनी वाढला. हा वाढीचा आकडा मालिकेच्या प्रस्तावनेतच, बाकीच्यांच्या रांगेत, न लपवता छापलेला आहे. चाळीस टक्क्यांची बातमी वाचून ज्यांनी कर्नल बदलायचा बेत केला असेल त्यांनी आधी आपल्या रॅकमधला प्रोसेसर कुणाचा ते बघायला हवं होतं.

एवढी तफावत का? माझा तर्क सांगतो. सोपं उत्तर असं, की कमी कॅश-लाइन लागल्या म्हणून कॅश पुरली. पण ते हिशेबात बसत नाही. टीसीपी_सॉकच्या ४ लाइन वाचल्या, म्हणजे कनेक्शनमागे २५६ बाइट. ३०,००० कनेक्शनना साडेसात एमबीच्या जरा वर, आणि १,००० ना जेमतेम पाव एमबी. २५६ एमबी एल३ असलेल्या मशीनला पाव एमबीने काय फरक पडतो? तरीही त्या मशीनवर १,००० कनेक्शनना आयपीव्ही४ चा खर्च ३५ टक्क्यांनी घटला. म्हणजे मुख्य बचत जागेची नसावी. ती सामाईक स्ट्रक्चरमधल्या ओढाताणीची असावी, जिथे सगळे कोअर एकाच लाइनसाठी झगडत होते.

एएमडीच्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये ही ओढाताण जास्त महाग पडते. तिथले २५६ एमबी हे एक गोदाम नसतं. तिसऱ्या पिढीच्या एपिकमध्ये ते ३२ एमबीचे आठ गाळे असतात, प्रत्येक गाळा आठ कोअरचा. एका गाळ्यातल्या कोअरने लाइनवर लिहिलं आणि दुसऱ्या गाळ्यातल्या कोअरला ती हवी असली, तर ती चिप ओलांडून मागवावी लागते. एल३ जिथे सगळ्या कोअरना मिळून एकच आहे, तिथे तीच देवघेव घरातल्या घरात होते. म्हणून नेट_डिव्हाइस १२ लाइनवरून ४ वर आल्याचा फायदा एकीकडे ढीगभर आणि दुसरीकडे चिमूटभर.

घरच्या लॅपटॉपवर यातलं काही जाणवणार नाही. ब्राउझरची पन्नास-साठ कनेक्शन, बहुतेक निवांत, आणि अडथळा असतो तो वायफायचा किंवा गल्लीतल्या केबलचा. ही मांडणी हजारो कनेक्शन अंगावर घेणाऱ्या मशीनसाठी आहे: लोड बॅलन्सर, प्रॉक्सी, निरोपांचे सर्व्हर.

किंमत आणि पुढे

फुकट काहीच नव्हतं. फील्डांच्या जागा बदलल्या की त्यांचे ऑफसेट (स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासूनची अंतरं) बदलतात, आणि जुन्या ऑफसेटवर कंपाइल झालेलं प्रत्येक मॉड्यूल (कर्नलला वेगळा जोडायचा भाग) निकामी होतं. मुख्य कर्नलला याची फिकीर नसते. तिथे मॉड्यूलसाठी स्थिर इंटरफेसचं वचनच नाही. पण वर्षानुवर्षं एकाच कर्नलवर चालणाऱ्या आणि बाहेरच्या ड्रायव्हरांना 'तुमचं मॉड्यूल मोडणार नाही' अशी हमी देणाऱ्या एंटरप्राइझ डिस्ट्रोंना (कंपन्यांसाठी बांधलेल्या लिनक्स-संचांना) हा बदल मागच्या आवृत्तीत ओढून घेणं जवळपास अशक्य. ज्यांच्याकडे गर्दीचे सर्व्हर आहेत, त्यांच्यातलेच बरेच जण असे डिस्ट्रो वापरतात, ही यातली गोची.

दुसरी किंमत बारीक आहे, पण कोड वाचणाऱ्याला रोज चिमटा काढते. एखादं फील्ड कुणी आणि का आणलं हे गिट ब्लेमने (कोडची ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या सोयीने) शोधायला जावं, तर आता उत्तर येतं: मांडणी बदलली. खऱ्या कारणासाठी आणखी एक पायरी मागे जावं लागतं.

सगळीच स्ट्रक्चर हललीही नाहीत. इनेट_सॉक आणि इनेट_कनेक्शन_सॉक या कनेक्शनच्याच आणखी दोन स्ट्रक्चरचे तक्ते बनले, पण मांडणी तशीच राहिली. त्यांचा बहुतेक भाग आत बसवलेल्या दुसऱ्या स्ट्रक्चरनेच व्यापलेला होता, त्यामुळे उरलेली फील्ड हलवून हाती फारसं काही लागलं नसतं. तक्ता बनवून मग हात न लावणं, हेही कामच.

पुढच्याच आवृत्तीत, ६.९ मध्ये, एरिक डुमाझे यांनी हाच विचार स्ट्रक्चरबाहेर नेला. नेटवर्किंगमधली सतत लागणारी ग्लोबल व्हेरिएबल इथेतिथे विखुरली होती. ती नेट_हॉटडेटा नावाच्या एका स्ट्रक्चरमध्ये गोळा केली. या मांडणीच्या मालिकेचे एक परीक्षकही डुमाझेच होते.

आता एक कॉमेंट. टीसीपी_सॉकमध्ये पूर्वीपासून एक टीप आहे: इथली व्हेरिएबल आरएफसी ७९३ मधल्या त्यांच्या खऱ्या नावांनी दिली आहेत, म्हणजे कोड आणि स्पेसिफिकेशन शेजारी शेजारी ठेवून वाचता येईल. आणि कंसात: (आणि हसता येईल...). आरएफसी ७९३ हा १९८१ चा, टीसीपीचा मूळ दस्तऐवज. २०२२ मध्ये त्याची जागा आरएफसी ९२९३ ने घेतली. जुन्या मांडणीत त्या टीपेखाली थोड्याच ओळींवर आरसीव्ही_एनएक्सटी आणि एसएनडी_एनएक्सटी (पाठवायचा पुढचा बाइट कितवा) होते, म्हणजे कुणीतरी स्ट्रक्चर खरंच माणसाने वाचावं म्हणून लावलं होतं. फेरमांडणीत ती दोन्ही वर आपापल्या गटात गेली. टीप मात्र जिथल्या तिथे राहिली, 'हॉट पाथ (म्हणजे तोच फास्ट पाथ) संपला' या ओळीच्या खाली. तिच्या लगेच पुढे आता दुबार आलेल्या सेगमेंटांच्या नोंदी मोजणारं एक फील्ड आहे, ज्याच्या शेजारी आरएफसी ४८९८ असं लिहिलंय.